बघ्यांची करुणा

एखाद्या कलाकृतीवर लोक जीं मतें देतात, त्यांवरून त्या कलाकृतीची परीक्षा होते कीं मत देणाऱ्यांची, हा प्रश्न जुनाच आहे. आमच्या परभणीच्या बाजूस सुशिक्षित कुटुंबांतून एका परदेशी नाट्यमालिकेविषयीं जें बोललें जातें तें ऐकून हा प्रश्न पुन्हां उपस्थित करणें आम्हांस अवश्य वाटतें. 'हार्टलँड' नांवाची ही मालिका कॅनडाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीनें २००७ च्या ऑक्टोबरांत सुरू केली. लॉरेन ब्रुक या नांवानें प्रसिद्ध झालेल्या मुलांसाठींच्या कादंबऱ्यांवर ती आधारलेली आहे. आल्बर्टा प्रांतांतील एका मळ्यावर राहणारी अ‍ॅमी नांवाची मुलगी भ्यालेल्या, मारानें बिथरलेल्या घोड्यांस पुन्हां माणसांत आणते, आणि तें करतां करतां घोड्यांचे धनी व ती स्वतः आपापल्या दुःखांतून थोडथोडीं बाहेर पडतात, असा या कथेचा एकंदर मासला आहे.

परभणी तालुक्यांतील झरी हें कांहीं मोठें शहर नव्हे. परंतु तेथल्या घरांतही आतां मोबाईलच्या पडद्यावर आल्बर्टाच्या टेकड्या दिसतात. आजी, सून आणि नात एकत्र बसून पाहतात, आणि दुसऱ्या दिवशीं मतें देतात. मतें देऊं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या समाजांत नाटकावर भांडण होत नाहीं त्या समाजांतलें नाटक मेलेलें असतें. आमची तक्रार मतांच्या संख्येविषयीं नसून त्यांच्या जातीविषयीं आहे.

पहिला पक्ष स्तुतिपाठकांचा. शिवीगाळ नाहीं, रक्तपात नाहीं, लहानथोरांनीं मिळून पाहण्याजोगें आहे, पाहिल्यावर मन शांत होतें, दिवसाचा शीण जातो. सारांश, हें नाटक म्हणजे औषध आहे, असें हा पक्ष म्हणतो. यांतील एकही विधान खोटें नाहीं, आणि तरीही सर्व मिळून नाटकाविषयीं एक अक्षरही सांगत नाहींत. अंगाईनेंही मन शांत होतें. गुंगी येणें व बरें होणें यांतला भेद वैद्यास कळतो. तो प्रेक्षकासही कळला पाहिजे. या मालिकेच्या पहिल्याच भागांत काय घडतें तें आठवावें. छळ सोसलेल्या एका घोड्यास सोडविण्यासाठीं अ‍ॅमी व तिची आई वादळी रात्रीं जातात; परततांना अपघात होतो, आई मरते, मुलगी वांचते, आणि घोडाही वांचतो; पण भीतीनें तो वेडापिसा झालेला असतो. ज्याच्यापायीं आई गेली त्याच जनावरापुढें उभें राहून मुलीला त्याचा विश्वास मिळवावा लागतो. ज्या कथेचा पायाच मृत्यूवर घातलेला आहे तिला 'शांत करणारी' एवढेंच म्हणणें म्हणजे मोटेची कुरकुर ऐकून विहिरीच्या पाण्याची चव सांगण्यासारखें आहे.

या पक्षाची खरी कसोटी २०२१ च्या जानेवारींत लागली. मालिकेच्या चौदाव्या पर्वाच्या आरंभीं अ‍ॅमीचा पति टाय मरण पावतो. ती भूमिका करणाऱ्या नटानें मालिका सोडण्याचें ठरविलें होतें, हें कारण उघड होतें. तरी देशोदेशींचे प्रेक्षक खवळले. आम्ही येथें समाधानासाठीं येतो, आम्हांस दुःख कशाला दिलें, असा त्यांच्या तक्रारीचा आशय होता, आणि कित्येकांनीं मालिका पाहणेंच सोडून देण्याची भाषा केली. आम्हांस या प्रसंगांत एक मोठें सत्य उघडें पडलेलें दिसतें. तेरा पर्वें ज्यांनीं दुसऱ्यांच्या जखमा भरतांना पाहिल्या, त्यांस आपल्या आवडत्या घरांत एक जखम सहन झाली नाहीं. नाटककारानें ती जखम निष्कारण केली असें म्हणणें हा टीकेचा हक्क आहे. परंतु 'मला दुःख झालें म्हणून नाटक वाईट', ही टीका नव्हे. ही गिऱ्हाइकाची तक्रार आहे. आमच्या साहित्यशास्त्रानें करुणास रसांत मानाचें स्थान दिलें तें कांहीं उगाच नाहीं.

दुसरा पक्ष रुक्ष विद्वानांचा, आणि त्यांत आमच्या व्यवसायबंधूंची संख्या बरीच आहे. त्यांच्या मतें या मालिकेंत कांहीं घडतच नाहीं. घोडा येतो, बिथरतो, पाऊण तासांत सुधारतो आणि सर्वजण सूर्यास्ताकडे पाहतात. यांतला एक आरोप आम्ही मोकळेपणीं मान्य करतों. अडीचशेंच्या वर भाग काढावयाचे म्हटलें कीं खोगीरभरती अटळ आहे, आणि या मालिकेंत ती मुबलक आहे. वर्षांनुवर्षें मार खाल्लेलें जनावर इतक्या सहजासहजीं वळणावर येत नाहीं. मोकळी कुरणें, तबेले, दाणावैरण यांचा खर्च कोठून निघतो, हा व्यवहारी प्रश्नही कथेंत पुष्कळदां नजरेआड होतो. परंतु 'कांहीं घडत नाहीं' हा निवाडा मात्र आंधळेपणाचा आहे. घोडा हा शिकार करणारा नव्हे, शिकार होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्यामुळें त्यास जवळजवळ सभोंवारचें दिसतें. आणि समोरच्याच्या खांद्यांचा ताण, श्वास, पावलांची घाई यांवरून तो धोक्याचा अंदाज घेतो. म्हणून त्याच्यापुढें रागावलेल्या माणसाचें शांततेचें सोंग फार वेळ टिकत नाहीं. रिंगणाच्या मध्यावर उभी राहून ती मुलगी नजर खालीं वळविते, पाठ फिरविते आणि थांबते, तेव्हां घडतें तें हें कीं, एक माणूस आपली हुकमत सोडून देतो. ज्यांस तलवारीच्या खणखणाटावांचून घटना दिसत नाहीं, त्यांस ही घटना दिसत नाहीं इतकेंच. रागाच्या भरांत घोड्याशीं कधींही वागूं नये, असें ग्रीक सेनानी झेनोफन यानें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत लिहून ठेवलें आहे. आणि तो कांहीं भाबडा गृहस्थ नव्हता.

तिसऱ्या पक्षास आम्ही चमत्कारवादी म्हणूं. घोड्याच्या सहवासानें मनाचीं व शरीराचीं सर्व दुखणीं जातात असें यांस या मालिकेवरून पटलें आहे. येथें थोडा विवेक पाहिजे. लिझ हार्टेल या डॅनिश स्त्रीस पोलिओनें गुडघ्यांखालीं पांगळें केलें होतें. तिनें १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें अश्वारोहणांत रौप्यपदक मिळविलें, आणि तेव्हांपासून अपंगांसाठीं घोड्यावर बसण्याच्या उपचारास युरोपांत चालना मिळाली. त्यामागें जादू नाहीं. चालत्या घोड्याची पाठ स्वाराच्या कमरेस जी हालचाल देते ती माणसाच्या चालण्याशीं पुष्कळ मिळतीजुळती असते, त्यामुळें तोल व स्नायू यांस वळण लागतें. मनाच्या विकारांवर याचा उपयोग होतो असें सांगणारे प्रयोग आहेत, परंतु ते बहुतेक लहान आहेत; त्यांवरून औषधपाणी बंद करणें हा शुद्ध अविचार होय. शिवाय या पक्षाच्या बोलण्यांत घोडा हा नेहमींच वैद्य असतो. तो स्वतः रोगी असूं शकतो, ही मालिकेची मूळ कल्पनाच ते विसरतात.

आम्हांस सर्वांत नवल वाटतें तें याचें कीं, ही कल्पना आम्हांस कॅनडाकडून शिकावी लागावी! महाभारताच्या वनपर्वांतील नल राज्य व पत्नी गमावून, रूपही पालटून, बाहुक या नांवानें ऋतुपर्णाच्या अश्वशाळेंत चाकरीस राहतो. त्याच्याजवळ उरलेली विद्या एकच, घोड्याचें हृदय जाणण्याची. विदर्भाच्या वाटेवर त्यानें निवडलेले रोडके घोडे पाहून राजा शंकित होतो, आणि तेच घोडे वाऱ्यासारखे धांवतात. त्याच प्रवासांत ऋतुपर्ण त्यास फांशांचें रहस्य देतो, त्या बदल्यांत नल आपली अश्वविद्या देऊं करतो, आणि कलि नलाच्या शरीरांतून बाहेर पडतो. नलाचें दुःख घोडे पाहून गेलें नाहीं. घोड्यांची सेवा करतांना त्याच्या उद्धाराची वाट उघडली. विराटाच्या घरीं नकुलानें ग्रंथिक या नांवानें अश्वशाळाच संभाळली. शालिहोत्राच्या नांवावर अश्ववैद्यकाची परंपरा चालली, आणि तिच्यावरूनच घोड्यांच्या वैद्यास आमच्या भाषेंत 'सालोत्री' हा शब्द आला. शिवछत्रपतींनीं १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वीं चिपळूणच्या छावणींतील अधिकाऱ्यांस जें पत्र धाडलें, त्यांत दाणावैरण बेहिशेबी उधळून पावसाळ्यांत घोडीं उपाशीं मेलीं तर तीं तुम्हींच मारलीं असें होईल, अशी सक्त ताकीद आहे. करुणा म्हणजे दाण्याचा हिशेब, हें त्या पत्राइतकें थोडक्यांत क्वचितच कोणीं सांगितलें असेल.

आणि आज? २०१९ च्या पशुगणनेंत सबंध देशांत घोडीं व तट्टें मिळून सुमारें ३ लाख ४० हजार भरलीं; २०१२ च्या मानानें ही घट शेंकडा ४५ हून अधिक आहे. माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत आणि सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेंत घोड्यांचा बाजार अजून भरतो, पण आमच्या मध्यमवर्गीय घरांचा घोड्याशीं उरलेला संबंध एकच, लग्नांतला. परण्या निघतो, नवरदेव मारुतीच्या दर्शनास जातो, तेव्हां त्याच्याखालीं जो घोडा असतो त्याच्याकडे 'हार्टलँड'च्या किती प्रेक्षकांनीं एकदां तरी नीट पाहिलें आहे? वैशाखाचें ऊन, खालीं तापलेलें डांबर, मागें डीजेच्या भिंतीसारख्या पेट्या, कानाशीं फटाके. आणि घोडा 'नाचला' पाहिजे म्हणून तोंडांतला लगाम असा कीं, प्रत्येक ओढीबरोबर जिभेवर व ओठांच्या कोपऱ्यांत रुतावा. कान मागें पडलेले, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो आहे, तोंडाला फेंस आहे; जी चिन्हें पडद्यावर पाहून आमची सून व नात हळहळतात, तींच चिन्हें दारांत आलीं कीं त्यांस नाच म्हणतात!

कांटेरी लगाम वापरण्यास ओझीं वाहणाऱ्या व गाडी ओढणाऱ्या जनावरांसंबंधींच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनींच मनाई केलेली आहे. नवरदेवाच्या घोड्याचें तोंड कांहीं निराळ्या मांसाचें नसतें. कोणी म्हणेल, हा दोष घोडेवाल्याचा. आम्हांस तें मान्य नाहीं. घोडेवाला गरीब, लग्नसराईच्या चार महिन्यांत त्याला वर्षाची वैरण मिळवावयाची असते, आणि जो अधिक नाचवील त्यास अधिक सुपारी मिळते हें त्यानें आमच्याच वागणुकीवरून ताडलेलें आहे. पैसे देणारे आम्ही, नाच मागणारे आम्ही, आणि रात्रीं अ‍ॅमीसाठीं डोळे पुसणारेही आम्हीच. दुसरे कोणी म्हणतील, हा रिवाज आहे. रिवाज मारुतीच्या दर्शनाचा आहे. घोड्याच्या तोंडांतून रक्त काढण्याचा रिवाज कोणत्याही पोथींत नाहीं.

याचा अर्थ मालिका पाहूं नये असा कोणी करूं नये. पाहावी, आणि भांडूनही पाहावी. आमचें म्हणणें एवढेंच कीं, घोड्यांच्या निमित्तानें जें नाटक मनुष्यास हुकमत सोडावयास सांगतें, त्याची समीक्षा 'छान वाटलें' किंवा 'कंटाळा आला' या दोन शब्दांत आटोपत नाहीं. ज्यास तें खरोखर आवडलें असेल त्यानें यंदाच्या लग्नांत सुपारी देतेवेळींच घोडेवाल्यास विचारावें कीं लगाम साधा आहे ना. पेट्यांपासून घोडा दूर ठेवावा. सावली व पाणी यांची सोय करावी. आणि नाचाचे जे पैसे जादा द्यावयाचे तेच न नाचविण्याचे द्यावे. घोड्याच्या तोंडाला जखम दिसल्यास जनावरांचा डॉक्टर कांहीं दुर्मिळ नाहीं; परभणींत तर १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालयच आहे. इतकें झाल्यावर मग त्या नाटकावर मत द्यावें. झरीच्या घरांतून आलेलें तें मत आम्ही मोठ्या आदरानें ऐकूं.