खोडणे आणि पुसणे

कीर्द-खतावणीच्या काळात चुकलेली नोंद दुरुस्त करण्याची एक रीत होती. चुकीच्या आकड्यावर आडवी रेघ मारावी, वर बरोबर आकडा लिहावा आणि शेजारी सही करावी. रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे, हा त्या रीतीचा दंडक होता. संगणकाने हिशेब सुकर केला. पण त्याबरोबर ही रेघही नाहीशी केली. एक कळ दाबली की नोंद पुसली जाते आणि जागा कोरी राहते.

ग्राहकांच्या व मालाच्या याद्या वर्षानुवर्षे फुगत जातात. एकाच ग्राहकाची तीन खाती, बंद झालेल्या मालाची नावे, हे सारे काढून टाकावेसे वाटणे साहजिक आहे. परंतु प्रत्येक नाव जुन्या बिलांशी बांधलेले असते. म्हणूनच टॅलीसारखी प्रणाली व्यवहार झालेले खाते पुसू देत नाही. खरा धोका येथून पुढे सुरू होतो. खाते जावे म्हणून आधी त्याखालची बिले पुसली जातात. मग गतवर्षाची शिल्लक बदलते, नफा बदलतो आणि सरकारकडे सादर झालेल्या पत्रकांशी वह्यांचा मेळ बसत नाही.

कायद्याने ती जुनी रेघ आता परत आणली आहे. वस्तू व सेवा कराच्या 2017 च्या नियमांपैकी 56 व्या नियमानुसार नोंद पुसता येत नाही. संगणकावर बदललेल्या वा वगळलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवावा लागतो. कंपन्यांना तर 1 एप्रिल 2023 पासून असा माग ठेवणारी व तो बंद न करता येणारी प्रणालीच वापरावी लागते. वह्या जपण्याची मुदत कंपन्यांना 8 आर्थिक वर्षे, तर करदात्या व्यापाऱ्याला वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने आहे. खराब झालेला माल यादीतून गुपचूप काढणे हेही निरुपद्रवी नव्हे. तो रीतसर निर्लेखित करून त्यावर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते.

दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. ग्राहकाचा पत्ता व दूरध्वनी ही दुकानाची मालमत्ता नव्हे. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने प्रयोजन संपलेली माहिती पुसण्याचे तत्त्व मान्य केले. मात्र अन्य कायद्याने जी जपणे आवश्यक आहे, ती त्यातून वगळली. तात्पर्य, बिल राहावे. जाहिरातीसाठी जमवलेला तपशील जावा.

तेव्हा मार्ग सरळ आहे. व्यवहार झालेले खाते पुसू नये, निष्क्रिय करावे. दुहेरी खाती एकत्र करण्यापूर्वी प्रत काढावी आणि ती उघडते की नाही, हे पाहावे. व्यवहारच नसलेले नाव तेवढे खुशाल काढावे. पुसण्याचा आदेश तोंडी असेल, तर कारकुनाने तो लेखी मागावा. कारण मागात नाव उमटते ते आदेश देणाऱ्याचे नव्हे, ज्याच्या नावाने संगणक उघडलेला असतो त्याचे.