यंत्राचा खर्ज आणि आमचे कान

“हा कारखाना आहे, संगीत नव्हे, आणि कारखाना ऐकण्यासाठी सभागृहात येण्याचे प्रयोजन नाही.” गेल्या हिवाळ्यात खानदेशातील एका तालुक्याच्या गावी माझे अर्ध्या तासाचे वादन संपल्यावर अध्यक्षस्थानी बसलेल्या विद्वान गृहस्थांनी हे उद्गार काढले, आणि माझ्या वादनाला मिळाल्या नव्हत्या इतक्या टाळ्या त्या उद्गारांना मिळाल्या. माझे वादन कोणास आवडले नाही याचे मला यत्किंचितही दुःख नाही. हौशी माणसाने टाळ्यांचा हिशेब ठेवू नये. परंतु अध्यक्षांचे ते वाक्य त्यांचे एकट्याचे नव्हते. ते आम्हा सुशिक्षित पांढरपेशांच्या सबंध वर्गाचे वाक्य आहे, मीही त्याच वर्गात वाढलो आहे, आणि म्हणूनच त्याला जाहीर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो. नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील गाव. एका अंगाने मुंबई-आग्रा महामार्ग जातो, दुसऱ्या अंगाने सुरत-भुसावळ लोहमार्ग, आणि जवळच औद्योगिक वसाहत उभी आहे. येथे मी शाळेत शिकवितो आणि रात्री यंत्रांचे आवाज जुळवीत बसतो. माझे साहित्य ऐकून वाचकांस हसू येईल. विजेच्या घंटीत असते तशी पितळेची एक पातळ चकती असते. तिला दोन तारा डकवून ती लोखंडाला चिकटविली की त्या लोखंडाच्या अंगातील कंपने वेचून घेता येतात. हवेतून ऐकू येणारा आवाज निराळा आणि लोखंडाच्या अंगातला आवाज निराळा, हे ज्याने एकदा अनुभविले तो पुन्हा पूर्वीसारखा ऐकत नाही. सरकी काढण्याच्या जिनाच्या सांगाड्याला, यंत्रमागाच्या चौकटीला, मालगाडीच्या रुळाला (अर्थात गाडी येण्यापूर्वी दूर होऊन) अशी चकती लावून मी आवाज जमवितो, संगणकावर त्यांचा वेग कमी-अधिक करितो, त्यांत एका जुन्या सिंथेसायझरचा सूर मिसळितो, आणि त्या सामग्रीतून लोकांसमोर वादन करितो. युरोपात या प्रकाराला इंडस्ट्रियल संगीत म्हणतात.

अध्यक्षमहाराजांच्या आक्षेपाचे पृथक्करण केले तर त्यात दोन गोष्टी सापडतात. हे यंत्र आहे, आणि हे परके आहे. दोन्ही आक्षेप ज्या व्यासपीठावरून घेतले गेले त्याच व्यासपीठावर त्या दिवशी माझ्यापूर्वी पेटीचे वादन झाले होते! हार्मोनियम हे यंत्र नव्हे काय? ते फ्रान्सातून आले नाही काय? त्यात मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत, असा ठपका ठेवून ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीला आपल्या दारातून हाकलून दिले आणि 1971 पर्यंत परत घेतले नाही. तरीही गोविंदराव टेंब्यांची पेटी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, नाट्यसंगीताने ऑर्गनला घरजावई केले, आणि आज मुलीच्या गाण्याच्या शिकवणीसाठी घरात पहिली येते ती पेटीच. तीन पिढ्यांनी सरावलेले यंत्र आपण यंत्र म्हणून ओळखत नाही, एवढाच याचा अर्थ.

आता परकेपणाचे पाहू. हा प्रकार उचलून आणलेला आहे, हे मी नाकारीत नाही. लुइजी रुसोलो नावाच्या एका इटालियन चित्रकाराने 1913 साली गोंगाटाच्या कलेवर एक जाहीरनामा लिहिला आणि पुढल्याच वर्षी मिलानमध्ये आपली गुरगुरणारी यंत्रे वाजवून नाट्यगृहात दंगल माजवून घेतली. पिएर शेफर हा फ्रेंच रेडिओवरील अभियंता. त्याने 1948 साली आगगाडीच्या इंजिनांचे आवाज कापून-जोडून एक रचना केली. लंडनमध्ये थ्रॉबिंग ग्रिसल या मंडळींनी 1976 साली इंडस्ट्रियल हेच नाव देऊन ध्वनिमुद्रिकांची संस्था काढली. पोलादाच्या शेफील्ड गावात त्याआधीच, 1973 मध्ये, कॅबरे व्होल्टेअर हा तरुणांचा मेळ जमला होता. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, पहिला चित्रकार, दुसरा अभियंता आणि नंतरचे सारे हौशी.  जे घरात शिकविले जात नाही ते शोधण्याचे काम नेहमी बाहेरच्यावरच पडते, आणि हौशी नाटकवाल्यांना इतके मानणाऱ्या महाराष्ट्राला हे पटण्यास हरकत नसावी.

परंतु हे सारे सातासमुद्रापलीकडचेच आहे असेही नाही. नरडाण्याहून सुरतेची गाडी पकडून पुढे अहमदाबादेस जावे. तेथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत 1969 साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर याने मूग सिंथेसायझरसह एक इलेक्ट्रॉनिक संगीताची शाळाच मांडून दिली होती. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या आपल्याच माणसांनी तेथे रचना केल्या. पुढे चारपाच दशके त्या फिती संग्रहात पडून राहिल्या आणि त्यांचे संकलन प्रसिद्ध व्हावयास 2023 साल उजाडले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी 1982 साली दहा राग सिंथेसायझरवर बसविले. ती तबकडी त्या काळी कोणी विचारली नाही आणि 2010 मध्ये परदेशी मंडळींनी पुन्हा काढली तेव्हा जगाने तोंडात बोट घातले. आपल्या वस्तूला आपण गोंगाट म्हणावे आणि परक्याने संगीत म्हटल्यावर आपण तिचा अभिमान बाळगावा, ही आमची जुनी रीत आहे.

आणि खरे सांगावयाचे तर मला अहमदाबादेपर्यंतही जाण्याचे कारण नाही. जाते हे यंत्र आहे. दोन दगड, एक खुंटा आणि एक घरघर. त्या घरघरीलाच खर्ज मानून आमच्या आज्या-पणज्यांनी ओव्या गायिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. बहिणाबाई चौधरी आमच्याच खानदेशच्या, जळगावजवळच्या असोद्याच्या. लिहितावाचता न येणाऱ्या या बाईंनी घरची-शेतातली कामे करता करता रचलेली गाणी त्यांच्या पश्चात 1952 साली पुस्तकरूपाने आली आणि सर्व महाराष्ट्र थक्क झाला. जात्याची घरघर बंद करा म्हणजे ओवी नीट ऐकू येईल, असे कोणी कधी म्हटले आहे काय? ओवीची लय जात्याच्या फेऱ्याने ठरते. बाईचा हात थकला की ओळ लांबते. यंत्र आणि गाणे यांचा हा संसार शतकानुशतके चालला होता. जाते गेले, चक्की आली, जिन आला, यंत्रमाग आला. आणि तेव्हापासून यंत्र कामगाराकडे गेले व गाणे आमच्याकडे आले. माझ्या मते अध्यक्षांच्या वाक्याचे मूळ येथे आहे. जिनाचा आवाज त्यांच्या कानाला बोचत नाही. ज्या माणसांच्या अंगावर तो आवाज दिवसभर पडतो त्या माणसांपासूनचे अंतर त्यांना बोलावयास लावते.

कानाचाच प्रश्न असता तर त्यांनी लग्नसराईत घर सोडले असते. आमच्या खानदेशात वरातीपुढे ध्वनिक्षेपकांची भिंतच्या भिंत मालमोटारीवर रचून नेतात. खिडक्यांची तावदाने थरथरतात, म्हातारीकोतारी छातीला हात लावून बसतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबेलांची मर्यादा घातली आहे, रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी केली आहे. तो नियम पाळवून घेण्यासाठी यांपैकी किती विद्वान पोलीस ठाण्याची पायरी चढले? वरात आपल्या नात्यातली असते. तेथे अक्षता टाकून हसतमुखाने जेवून यावयाचे. माझ्या अर्ध्या तासात मात्र सभागृहातल्या पंख्याचा आवाज ऐकू यावा इतकी शांत स्थळे होती, आणि तरी गोंगाट तो माझा!

त्या शांत स्थळांविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह आवरत नाही. आपल्याकडचा विद्युत्प्रवाह सेकंदाला 50 आवर्तनांचा असतो, त्यामुळे रोहित्राचा गुणगुणाट 100 कंपनांचा निघतो. पेटीवर ताडून पाहिले तर हा सूर खालच्या सप्तकातील पांढरी पाचपेक्षा केसभर चढा येतो. म्हणजे पांढरी एक षड्ज धरला तर बहुतांशी पंचम. तंबोऱ्याची पहिली तार, फुकटात! आणि ही तार अगदी स्थिर नसते. देशात विजेची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की आवर्तने किंचित घटतात आणि सूर उतरतो. 2013 च्या डिसेंबरअखेर दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले, तेव्हापासून नरडाण्याचे रोहित्र आणि मदुराईचे रोहित्र एकाच ठेक्यावर गुणगुणत असतात. हा उतार कानाला कळण्याइतका नसतो, परंतु ध्वनिमुद्रणाचा वेग बदलून त्याचे अंतर वाढविता येते, आणि मग ती एक अतिविलंबित मींड होते. यंत्रमागाचेही तसेच. धोटा मिनिटाला शंभरावर फेऱ्या करितो, फणी ठोका देते. दुरून तो खडखडाट एकसुरी वाटतो, जवळ बसले की दोन ठोक्यांमधील अंतर सूत जाड आहे की बारीक, पट्टा सैल आहे की ताठ, यावर हलताना कळते. धुळ्यातील एका वृद्ध विणकराने डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून चार मागांपैकी कोणता बिघडणार आहे ते मला सांगितले. असा कान कोणत्या संगीतसभेत भेटतो?

येथवर मी विरोधकांशी भांडलो. आता स्वपक्षाशी भांडणे प्राप्त आहे, कारण माझ्या वादनावरचा खरा आक्षेप अध्यक्षांनी घेतला नाहीच. तो घेतला मागच्या खुर्चीवर बसलेल्या एका जिन-कामगाराने. मीच त्याला आग्रहाने आणले होते. कार्यक्रमानंतर तो म्हणाला, “मास्तर, हाई ते आमनं रोजनं शे.” हे तर आमचे रोजचेच आहे. मी त्याला कौतुक समजलो आणि सुखावलो. मग त्याने डावा कान माझ्याकडे करून माझे उत्तर पुन्हा विचारले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की उजव्या कानाने त्याला जवळजवळ ऐकू येत नाही.

कारखान्यातील आवाजाने येणारा बहिरेपणा 1948 च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात रोग म्हणून नोंदविला गेला. आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबेल ही मर्यादा आहे. ती मर्यादा किती ठिकाणी मोजली जाते, हे मोजणाऱ्यांनीच सांगावे. ज्या आवाजाने एका माणसाचा कान गेला त्याच आवाजातून दुसऱ्याने, रात्री चहा पीत, रंजक चिजा काढाव्यात, यात काही ओंगळ आहे की नाही? मला वाटते, आहे. आणि पुण्यामुंबईच्या खोल्यांत बसून जे तरुण बर्लिनच्या पडक्या गोदामांची नक्कल करितात, आवाज असह्य होईपर्यंत चढवितात आणि श्रोता कानांवर हात ठेवू लागला की आपली कला सिद्ध झाली असे मानतात, त्यांना तर मी सरळ विचारतो: पाळीवर उभ्या असलेल्या माणसाला कानांवर हात ठेवण्याची मुभा नाही, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? मोठा आवाज करणे हे या संगीतातील सर्वांत स्वस्त काम आहे. वरातवाले ते तुमच्याहून चांगले करितात.

मग हा उद्योग सोडून का देत नाही, असे कोणी विचारील. सोडीत नाही, कारण न ऐकल्याने त्याचा कान परत येणार नाही, आणि कारखान्याच्या भिंतीबाहेर त्या आवाजाची दखल घेणारे दुसरे कोणी मला दिसत नाही. धुळ्यात राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य गावोगाव हिंडून जे कागद गोळा करीत ते पुष्कळांच्या लेखी रद्दी होते. त्या रद्दीवर आज आपण आपला इतिहास उभारतो. जळगावच्या खानदेश मिलचा भोंगा एके काळी सगळ्या शहराचे घड्याळ होता. तो कोणत्या सुरात वाजे, चढत जाई की एकदम फुटे, हे मी अनेक वृद्धांस विचारले. प्रत्येकाने निराळा आवाज काढून दाखविला. गिरणी गेली, भोंगा गेला, आणि आता त्याविषयी वाद घालण्यापलीकडे काही करता येत नाही.

त्या कामगाराला मी दुसऱ्या दिवशी भेटलो. रात्री कबूल केलेला आवाजही खाली आणला आणि चकती लावण्यापूर्वी यापुढे प्रत्येक वेळी कापसाचे बोळे नव्हे तर चांगली कर्णरक्षके त्याच्या सोबत्यांनाही द्यावयाची, असे ठरविले; हे दान नव्हे, आवाजाचे मोल आहे, आणि तेही अपुरे. मग त्याला विचारले की, तुझ्या जिनातला कोणता आवाज नोंदवून ठेवावा? त्याने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाला, बंद होतानाचा.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला तेव्हा पाळी संपण्याच्या वेळी मी तेथे होतो. खटका पडला, पट्ट्यांची सळसळ प्रथम वर आली, मग रुळांचा सूर एकेक पायरी न घेता, सलग, घसरत खाली गेला, ठोके सुटे सुटे झाले, आणि अखेरच्या दोन ठोक्यांमध्ये बाहेर झाडावरच्या साळुंक्या ऐकू आल्या. ते मुद्रण माझ्यापाशी आहे. त्यात मी अजून काहीही मिसळलेले नाही.