पगार घेऊन केलेली सेवा

रमजानच्या दिवसांत मुसलमान घरांत जकातीचा हिशेब मांडला जातो. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर शिल्लक राहिली, तर तिचा अडीच टक्के वाटा गरजूंचा. गेली काही वर्षे देवगडात हा हिशेब आणि हापूसच्या पहिल्या पेट्या एकाच सुमारास येतात. बारावीच्या परीक्षाही त्याच दिवसांत असतात, त्यामुळे घरात 'पुढे काय?' हा विषयही निघतो.

त्याची उत्तरे बहुधा ठरलेली असतात. आखातातली नोकरी, मच्छीमारी, बाग, नर्सिंग. एखाद्या मुलीने 'मला समाजकार्यात पदवी घ्यायची आहे' म्हटले, की दोन प्रश्न येतात. सेवा करायची तर पगार कसला? आणि सेवा कोणाची, आपल्यांची की सगळ्यांची? पहिला प्रश्न शेजारच्या हिंदू घरातही असाच विचारला जातो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जकातीतच आहे. कुरआनात (सूरह तौबा, आयत 60) जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. गरीब आणि गरजू यांच्यानंतर लगेच नाव येते ते जकात गोळा करण्याचे काम करणाऱ्यांचे. आजच्या संस्थांतले पगारी कार्यकर्ते त्यात बसतात का, यावर उलेमांत मतभेद आहेत. पण काम करणाऱ्याचे पोट असते आणि मोबदला घेतल्याने पुण्य बाटत नाही, एवढे त्या यादीवरून कळते.

दुसऱ्या प्रश्नाची दोन उत्तरे महाराष्ट्रात घडून गेली आहेत. पुण्याच्या सय्यदभाईंच्या बहिणीला तलाक मिळाला. त्या घरच्या दुःखातून ते हमीद दलवाईंबरोबर 1970 साली स्थापन झालेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळात आले आणि तलाकपीडित स्त्रियांसाठी आयुष्यभर झटले. त्यांची मते अनेकांना पटली नाहीत. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची वाट आपल्या समाजाच्या आतून गेली.

कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन उलट वाटेने गेले. प्राध्यापकी सोडलेल्या या ब्राह्मण माणसाने 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून उपोषण केले. जन्माने मिळालेला मोठेपणा त्यांना टाकायचा होता. एकाने ओळख धरून काम केले, दुसऱ्याने ती ओलांडून. दोघांचीही सुरुवात स्वतःला टोचलेल्या गोष्टीतून झाली.

पण टोचणी पुरत नाही, शिक्षणही लागते. भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण 1936 साली मुंबईत नागपाड्याच्या मुस्लिमबहुल वस्तीत सुरू झाले. टाटांच्या देणगीतून निघालेल्या त्या शाळेचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी होते. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. 'आपले की सगळ्यांचे' हा प्रश्न तिथे पहिल्याच दिवशी निकालात निघाला होता.

आज या विषयातल्या पदव्युत्तर पदवीवर कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक किंवा सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होता येते. घाबरलेल्या बाईशी तिच्या बोलीत बोलणारा माणूस तिथे लागतो, आणि त्या बाईचा धर्म आधी विचारता येत नाही. खरी अडचण वेगळी आहे. यातल्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी आहेत, पगार तुटपुंजे आहेत. घरच्यांनी मुलीला प्रश्न विचारायचेच असतील, तर ते याबद्दल विचारावेत.