चाळीस दिवसांचे गिऱ्हाईक

राजिवडा असो की मिरकरवाडा, कोकणनगर असो की साखरतर, आपल्याकडे बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की दोन-चार दिवसांत एक खाला दारात हजर होते. पाटावर बसते, पाय लांब करते, बाळाला नडग्यांवर आडवे घेते आणि खोबरेल तेलाचा हात फिरवू लागते. मग आईची कंबर, पाठ, पोटऱ्या. मग गरम पाण्याची न्हाणी, शेक. चाळिसाव्याची आंघोळ झाली की ठरलेली रक्कम, एखादे कापड, थोडे तांदूळ आणि चार नारळ घेऊन ती निघून जाते. रक्कम ठरते कशी? बहुतेक घरांत "तुमच्या खुशीने द्या" अशी. हॉलच्या सजावटीचा आकडा आपण तोंड वर करून विचारतो आणि निमूटपणे देतो. खालाच्या मेहनतीला मात्र खुशीचा भाव.

या सदरात आतापर्यंत शिलाई, मसाले, घरगुती डबे यांविषयी लिहून झाले. मालीश हा व्यवसाय म्हणून कुणी विचारातच घेत नाही. याची दोन कारणे दिसतात. एक, ते हलके काम समजले जाते. दुसरे, शहरांतल्या काही 'स्पा'मुळे या शब्दालाच वाईट वास लागला आहे. परिणाम असा की खालाच्या हातातली विद्या तिच्या मुलीपर्यंत पोहोचत नाही. मुलगी बारावी होते आणि दुकानात कमी पगारावर उभी राहते. आणि ज्या घरांना या सेवेची गरज आहे, त्यांना आता माणूस मिळत नाही.

एखादी मुलगी हे काम करायचे ठरवते, तेव्हा घरातला पहिला विचार ठरलेला असतो. बाजारात गाळा घेऊ, एसी बसवू, बोर्ड लावू, कर्ज काढू. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. पहिले वर्षभर गाळा नको. पैसा आधी हातात घाला, भिंतीत नंतर.

हिशेबच करून पाहू. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, तुम्ही आपल्या मोहल्ल्यातला भाव घाला. समजा, आई आणि बाळ मिळून एका भेटीचे ४०० रुपये. चाळीस भेटींचे १६,००० झाले. एका वेळी सरासरी दोनच घरे हातात आहेत आणि महिन्याचे २६ दिवस काम आहे असे धरा. महिन्याला २०,८०० रुपये येतात. रिक्षा, टॉवेल-चादरींची धुलाई, फोन, किरकोळ सामान यांचे ३,५०० वजा केले तर १७,३०० उरतात. आता याच कमाईवर गाळ्याचे भाडे ८,०००, वीज २,००० आणि कर्जाचा हप्ता ४,००० चढवा. हातात राहतात ३,३००. काम तेवढेच, घाम तेवढाच. शिवाय बाळंतीण काही तुमच्या गाळ्यात येणार नाही, तिला तुम्ही घरी हव्या आहात.

गाळा कधी घ्यावा? घरोघरच्या कामाची यादी इतकी वाढली की नाही म्हणावे लागते आहे, आणि पाठदुखी-खांदेदुखीच्या बायका स्वतःहून "कुठे येऊ?" असे विचारू लागल्या आहेत, तेव्हा. तोवर घरातली एक स्वच्छ, हवेशीर, दाराला आतून कडी असलेली खोली पुरते.

मग हातात पैसा घालायचा म्हणजे काय? पहिला खर्च शिक्षणाचा. खालाच्या हाताची जागा कोणताही कोर्स घेणार नाही, पण तिला सहसा न शिकवलेल्या काही गोष्टी आज माहीत असाव्याच लागतात. ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमांत स्पा थेरपिस्टचा अभ्यासक्रम आहे. तिथे शरीररचना, स्वच्छता आणि कुणाला हात लावायचा नाही हे शिकवतात. हा शेवटचा भाग सर्वांत महागाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते.

बाळंतिणीच्या एका पोटरीला सूज आहे, ती गरम लागते, दाबले की दुखते? तेल बाजूला ठेवा आणि तिला आजच डॉक्टरांकडे पाठवा. बाळंतपणानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. अशा पायाला चोळले तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि जीवावर बेतते. सिझेरियन झाले असेल तर जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत पोटाला हात नाही, पोट घट्ट बांधणेही त्यांना विचारूनच. बाळाला ताप असेल, अंगावर पुरळ असेल, ते दूध ओढत नसेल, तर त्या दिवशी मालीश नाही. बाळाच्या नाकाकानात तेल सोडायचे नाही, टाळू दाबायची नाही, हातपाय ओढून 'सांधे मोकळे' करायचे नाहीत. दादी रागावतील. रागावू द्या. ज्या मालीशवालीने "आज नको, आधी दाखवून या" असे सांगून एक जीव वाचवला, तिचे नाव पुढच्या दहा घरांत दादीच सांगतात.

तेलाबद्दल आपल्या नानी-दादींना मात्र शाबासकी. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांचा नवजात बाळांच्या मालिशीवरचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात खोबरेल तेलाने मालीश केलेल्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचे वजन खनिज तेलाच्या मानाने अधिक वेगाने वाढलेले दिसले. अशा नाजूक बाळाची मालीश अर्थातच डॉक्टरांच्या परवानगीने. मोहरीचे तेल नाजूक त्वचेला चुरचुरते, ते टाळलेले बरे. आपल्या परसात नारळ असताना महागड्या बाटल्यांवर भांडवल घालवण्याची गरज नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, घरी जडीबुटी उकळून तेल बाटलीत भरून विकणे हा वेगळा धंदा आहे आणि त्याला परवाना लागतो. आणि "या तेलाने लकवा बरा होतो" अशी जाहिरात तर १९५४ च्या कायद्याने गुन्हा ठरते. स्वतःला 'डॉक्टर' किंवा 'फिजिओथेरपिस्ट' म्हणवून घेणेही नको. उलट गावातल्या एखाद्या फिजिओथेरपिस्टची ओळख करून घ्या. लकव्याचा, हाड मोडलेला रुग्ण त्यांच्याकडे पाठवा, ते थकलेल्या पाठी तुमच्याकडे पाठवतील.

दुसरा खर्च चादरी-टॉवेलचा. प्रत्येक घरासाठी वेगळा धुतलेला संच हवा. इथे आपली शरीयत आणि या व्यवसायाचे शिक्षण एकाच गोष्टीवर येतात, हे मला फार आवडते. बाईचा बाईसमोरचा सतर बेंबीपासून गुडघ्यापर्यंत आहे. चांगल्या प्रशिक्षणातही हेच शिकवतात की अंग चादरीखाली असावे, ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा करावा, तो झाकून मग पुढचा. बायकांची सेवा बायकांनीच, दार बंद, फोन पर्समध्ये, फोटो कशाचाच नाही. हे नियम पहिल्या भेटीतच सांगितले तर सासू निश्चिंत होते आणि नवराही. आणि चाळीस दिवस हा हिशेब रिवाजाचा आहे हेही माहीत असावे. आपण कोकणी मंडळी बहुतांशी शाफई, आणि शाफई मसलकात निफासची कमाल मर्यादा साठ दिवसांची मानली आहे. गिऱ्हाईक चाळिसाव्याला संपते असे नाही!

तिसरे भांडवल म्हणजे तुमचे स्वतःचे शरीर. अंगठ्याच्या जोरावर काम करणाऱ्या बायकांची मनगटे काही वर्षांत जातात. तळहात, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात, शरीराचे वजन यांचा वापर शिकून घ्या. टेबल घेतलेच तर उंची अशी ठेवा की उभे राहिल्यावर मिटलेली मूठ त्याला टेकेल. दिवसाला चार-पाचपेक्षा जास्त माणसे घेऊ नका. शुक्रवारची सुट्टी आधीच ठरवा.

आता पैसा आणायचा कुठून? मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते, पण त्यावर व्याज आहे, आणि आपल्यातली बरीच घरे तिथेच थांबतात. थांबणाऱ्यांना रस्ता आहे. कर्ज-ए-हसना देणारे नातेवाईक, बिनव्याजी पतसंस्था, किंवा भागीदारी. आपल्याकडे बहुतेक घरांत कुणी ना कुणी कुवेत-दुबईत आहे. समजा भावाने ६०,००० रुपये दिले आणि म्हणाला, "दर महिन्याला हजार देत जा, मुद्दल नंतर बघू." त्याला वाटते तो मदत करतोय, पण नफा-तोटा काहीही झाला तरी ठरलेली रक्कम म्हणजे दुसऱ्या नावाने व्याजच. त्याऐवजी मुदारबत करा. पैसा त्याचा, मेहनत तुमची, आणि निव्वळ नफ्याचा हिस्सा ठरलेला, समजा त्याचे तीस टक्के, तुमचे सत्तर. तुमच्या निष्काळजीपणाशिवाय तोटा झालाच तर पैशाचा तोटा त्याचा, तुमची मेहनत वाया. तपशील गावातल्या आलिमांना विचारून घ्या आणि लिहून ठेवा. सख्ख्या भावाबरोबर लिखापढी कशाला, असे म्हणणाऱ्यांना आठवण द्यावी की कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे.

न लिहिल्याने, किंवा जागा स्वतःची नसल्याने काय होते, याचे या धंद्यातले सर्वांत मोठे उदाहरण दोनशे वर्षांपूर्वीचे आहे. शेख दीन मुहम्मद, जन्म पाटणा, १७५९. कंपनीच्या फौजेत राहून पुढे ते विलायतेला गेले. १८१० मध्ये लंडनला हिंदुस्तानी जेवणाचे कॉफी हाउस काढले आणि १८१२ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. मोठी जागा, मोठा खर्च, गिऱ्हाईक बेताचे. मग ते ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी गेले आणि औषधी वाफेची न्हाणी आणि चंपी सुरू केली. इंग्रजीतला 'शॅम्पू' हा शब्द याच चंपीच्या घराण्यातला. बायकांचा विभाग त्यांची पत्नी जेन सांभाळत असे. बऱ्या झालेल्यांची पत्रे त्यांनी १८२२ च्या आपल्या पुस्तकात छापली. इंग्लंडच्या राजाने त्यांना दरबारी नेमणूक दिली. एवढे होऊनही १८४० च्या दशकात, इमारतीत पैसा घातलेला भागीदार वारल्यानंतर तिचा लिलाव झाला आणि ती त्यांच्या हातून गेली. १८५१ मध्ये ते वारले तेव्हा तो थाट उरला नव्हता.

पुरुषांसाठीही या कामाला जागा आहे. मिरकरवाड्याच्या बोटींवर जाळी ओढणाऱ्यांचे खांदे आणि घरोघरचे म्हातारे अब्बा, यांच्यासाठी भाऊ किंवा शौहर हेच शिकू शकतो. घरात दृष्टिहीन मुलगा असेल तर त्याचाही विचार करा. जपानमध्ये मालीश हा शतकानुशतके अंध लोकांचा मानाचा पेशा आहे आणि आजही अंधांच्या शाळांत तो शिकवून सरकारी परवाना मिळतो.

कागदपत्रांना फार घाबरू नका. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला राज्याच्या २०१७ च्या दुकाने कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. सेवा व्यवसायाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. जकातीच्या हिशेबात टेबल, चादरी ही कामाची साधने धरायची नाहीत, साठलेली रोकड धरायची.

एक वही मात्र पहिल्या दिवसापासून हवी. बाळंतपण कधी झाले, टाके आहेत का, रक्तदाब किंवा साखर आहे का, कोणत्या तेलाची ॲलर्जी, डॉक्टरांनी काय सांगितले, किती भेटी झाल्या, किती पैसे आले. दर छापून ठेवा आणि अर्धी रक्कम पहिल्या भेटीला, उरलेली विसाव्या भेटीला घ्या. चाळिसाव्यावर ठेवू नका, तेव्हा घरात दावतीचा खर्च असतो. खुशीचे कापड आणि नारळ त्यावर वेगळे, ते नाकारू नका.

जून-जुलैत बोटी किनाऱ्यावर असतात, तेव्हा मच्छीमार घरांत पैसा नसतो. त्या घरांची रक्कम मासेमारी सुरू झाल्यावर, ऑगस्टअखेर घेण्याचे ठरवा आणि तसे वहीत लिहा. आखाती देशांतून सुट्टीवर आलेली मंडळी एप्रिल-मेमध्ये इथे असतात. आईवडिलांच्या महिन्याभराच्या मालिशीचे पैसे ती आनंदाने आगाऊ देतात, त्यांना मेअखेर विमान पकडण्यापूर्वीच भेटा.