मौनाचे माहात्म्य

व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांनी खेळाडूंच्या तोंडी लागू नये, असा उपदेश अलीकडे एका जाणकारांनी केला आहे. जाणकार स्वतः गेम बनवत नाहीत. बनवणाऱ्यांनी कसे वागावे एवढेच सांगतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गेम ही कलाकृती आहे, खेळाडूला काय हवे ते त्याचे त्यालाच कळत नसते, आणि एका प्रश्नाला उत्तर दिले की शंभर येतात. सबब स्टुडिओने दार लावून काम करावे. पुरावा म्हणून 'नो मॅन्स स्काय' या गेमचे नाव.

शंभर प्रश्नांची भीती फुकाची आहे. शंभर जणांचा प्रश्न बहुधा एकच असतो.

कलाकृतीचा मुद्दा जुना. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, यावर मराठीत मुबलक शाई सांडून झाली आहे. जाणकारांनी त्यात भर घातली ती संगीत नाटकांची: 'वन्स मोअर'च्या हट्टापायी नाटके पहाटेपर्यंत लांबली आणि बुडाली म्हणे. लांबत, हे खरे. पण नाटक मंडळ्यांचे दिवाळे वन्स मोअरने निघाले की बोलपटाने, हे त्यांनी एकदा तपासावे. दाखला त्यांनी निवडलाही असा, की तो त्यांच्यावरच उलटतो.

कारण 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या खेळाडूंनी मागितला होता तो वन्स मोअरच. हा गेम २००४ मध्ये आला. पुढे विस्तारांमागून विस्तार आले, २०१० मध्ये तर जुन्या जगाचा नकाशाच पालटला. मूळ गेम अधिकृतपणे खेळण्याची सोय उरली नाही. कंपनीच्या २०१३ च्या वार्षिक मेळाव्यात एका खेळाडूने विचारले, जुन्या रूपाचे सर्व्हर देणार का? व्यासपीठावरून उत्तर आले ते अगदी आपल्या जाणकारांच्या थाटाचे: तुम्हाला ते हवेसे वाटते, पण खरे तर नको आहे. सभागृह हसले, विषय संपला. खेळाडूंच्या लेखी मात्र तो संपला नाही. चाहत्यांनी परस्पर जुन्या रूपाचा सर्व्हर चालवला. कायदेशीर तंबीनंतर एप्रिल २०१६ मध्ये तो बंद पडला, तेव्हा निषेधाच्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या जमल्या. ज्यांना काय हवे ते कळत नव्हते, त्यांची ही संख्या! २०१७ मध्ये कंपनीने जुने रूप परत आणण्याची घोषणा केली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते आले. पहिल्या दिवशी सर्व्हरबाहेर हजारोंच्या रांगा लागल्या. त्या तिमाहीत सदस्यत्वांत गेमच्या इतिहासातली सर्वांत मोठी वाढ झाली, हे कंपनीनेच सांगितले. जे उत्तर चार वर्षांनी फिरवावे लागले, त्याला द्रष्टेपण म्हणायचे असेल तर जाणकारांनी खुशाल म्हणावे.

आता 'नो मॅन्स स्काय'. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला, स्टुडिओ टीकेने गप्प झाला, काम करत राहिला आणि लोकांनी पुन्हा डोक्यावर घेतले, ही कथा खरी. फक्त तिचा पूर्वार्ध गाळलेला आहे. इतर खेळाडू भेटतील का, या प्रश्नाला प्रकाशनापूर्वी मोघम उत्तरे मिळत गेली. गेम येताच दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी पोहोचले, तर एकाला दुसरा दिसेना. मग संताप होणारच. तो शमला २०१८ च्या जुलैत, खरेखुरे एकत्र खेळणे देणाऱ्या मोफत अपडेटनंतर. म्हणजे मागणी पुरी केल्यावर. त्याचे श्रेय मौनाला कसे?

अर्थात उत्तर दिले की झाले, असेही नाही. २०१७ मध्ये 'बॅटलफ्रंट २' या गेमच्या खेळाडूने विचारले, पूर्ण पैसे मोजूनही डार्थ व्हेडर हे पात्र कुलपात का? उत्तर मिळाले, पात्रे कष्टाने मिळवण्यात अभिमान आणि कर्तबगारीची भावना असते. त्या उत्तराला साडेसहा लाखांवर नापसंती पडली आणि त्याची नोंद गिनीजमध्ये झाली. विचारला होता भाव, सांगितली गेली जाहिरात.

मग करावे काय? कारण सांगावे, नकार द्यायचा असेल तर कारणासकट द्यावा. प्रागमध्ये बनलेल्या 'फॅक्टोरिओ' या गेमचे कर्ते वर्षानुवर्षे शुक्रवारी लिहीत: काय बदलले, काय करून पाहिले, काय सोडले. वॉरक्राफ्टच्या त्याच कंपनीने जुन्या रूपाच्या २०१९ च्या चाचणीत खेळाडूंच्या तक्रारींवर 'हे बग नाहीत' अशी यादीच काढली. अमुक जमातीचे वार जरा लांबून का लागतात? मुळातही तसेच होते म्हणून. खेळाडूंची आठवण चुकली होती, हे जाणकारांना आवडेल. पण ते कळले उत्तर मिळाल्यामुळे.

आता आपल्याकडचेच पाहा: पुण्यात बनलेल्या 'राजी' या गेममध्ये २०२० साली दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत बोलत; २०२२ च्या आवृत्तीत हिंदी आवाज आला. ज्यांना मराठी हवी आहे त्यांनी ती थेट स्टुडिओकडे मागावी, जाणकारांच्या परवानगीची वाट पाहू नये.