सायलेन्सर कापणाऱ्या हातांना चार शब्द

कापडाच्या व्यापाऱ्याने मोटारीच्या सायलेन्सरवर लिहावे हे काही वाचकांना विचित्र वाटेल. त्यातून आमचा उजवा कान भिवंडीच्या यंत्रमागांनी तीस वर्षांत निम्मा करून टाकला आहे, म्हणजे आवाजाची पारख करायला आम्ही तसे नालायकच. पण सायलेन्सरच्या धंद्यात आमचे पैसे बुडाले आहेत, आणि ज्याचे पैसे बुडतात त्याला त्या धंद्याबद्दल बोलण्याचा हक्क आपोआप मिळतो.

हकीकत अशी की, आमच्या बहिणीच्या मुलाने कुर्ल्यात गॅरेज टाकले. भांडवल आम्ही दिले. पोरगा आर्गन वेल्डिंगमध्ये तरबेज. स्टीलच्या पाइपाला असा टाका घालतो की आमच्या रफूगारानेही बघत राहावे. सुरुवातीला बुलेटवाले येत. कंपनीचा सायलेन्सर काढा, मोठ्या आवाजाचा बसवा. तासाभराचे काम आणि रोख पैसा. भाच्याने एकदा विचारले होते, "मामू, हे काम कायद्यात बसत नाही म्हणतात. करू का नको?" आम्ही गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचे उत्तर दिले, "गिऱ्हाईक मागतंय ना? मग दे." पुढे पोलिसांची मोहीम निघाली आणि दुकानातला चाळीस नग माल उचलला गेला. त्यात आमची रक्कम होती. सल्लाही आमचाच होता, त्यामुळे भाच्यावर रागावण्याची सोय उरली नाही.

पुणे, नागपूर आणि इतर शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे वाचकांनी वर्तमानपत्रांत पाहिली असतील. लोक टाळ्या वाजवतात. आम्हाला मात्र त्या चेपलेल्या पत्र्यात कुणाचे तरी भांडवल दिसते. तरीही टाळ्या वाजवणारे चुकीचे आहेत असे म्हणवत नाही. रात्री बारा वाजता इमारतीखालून असली गाडी गेली की पाळण्यातले मूल दचकून उठते. तेव्हा त्याची आई सायलेन्सर बसवणाऱ्याच्या हुनराचे कौतुक करीत नसते.

कायदा काय म्हणतो हे आमच्या कारागीर बांधवांना नीट कुणी सांगतच नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० व्या नियमाप्रमाणे प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारे साधन असलेच पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मूळ नोंदीपासून वेगळा फरक करायला मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घट्ट धरले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. आता आवाज आणि धुराच्या मानकांत न बसणारी गाडी रस्त्यावर आणली तर दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि लायसन्सही तीन महिन्यांसाठी जाते. परवानगी नसलेला फेरफार केल्याबद्दल मालकाला दर फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, हे निराळे. आवाजाची हद्द म्हणाल तर कारखान्यातून निघणाऱ्या नव्या गाडीची चाचणी होते तेव्हा मोटारकारला ७४ डेसिबल आणि १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला ८० डेसिबल, अशी ती २००५ पासून आहे.

डेसिबलचा हिसाब आपल्या वहीखात्यासारखा नसतो. ८० चे ९० झाले म्हणजे रुपयामागे दोन आणे वाढले असे नव्हे. ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. हे आम्हाला आमच्या कानाच्या डॉक्टरांनी समजावले, तेही उशिरा.

आता मूळ विषयाकडे येतो. माल जप्त झाल्यानंतर भाच्याने बुलेटचे काम बंद केले. त्यानंतर काही दिवसांनी एक सेठ मस्टँग घेऊन त्याच्याकडे आले. ही अमेरिकन स्पोर्ट्स कार २०१६ मध्ये आपल्या देशात अधिकृतपणे विकायला आली, आठ सिलिंडरची. सेठना चांगला आवाज हवा होता म्हणून त्यांनी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये मागचे दोन्ही सायलेन्सर काढून नुसते पाइप टाकून घेतले होते. पहिले आठ दिवस खुशीत गेले. मग एक्स्प्रेस वेवर पुण्याला जाऊन आले तेव्हा डोके धरूनच उतरले. ठरावीक वेगाला गाडीच्या आत असा घुमारा भरे की शेजारी बसलेल्या बेगमसाहेबांचे बोलणे ऐकू येईना. शिवाय डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तो विझेना.

घुमाऱ्याचे कारण भाच्याने आम्हाला असे सांगितले. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एक धमाका होतो. आठ सिलिंडर, मिनिटाला दीड हजार फेरे, म्हणजे सेकंदाला शंभर धमाके. वरच्या गिअरमध्ये शंभरच्या वेगाने निघालात की इंजिन याच फेऱ्यांच्या जवळपास फिरत असते आणि बंद काचांच्या गाडीत हाच खर्जातला सूर भरून राहतो. कंपनीने मागे जी डबी बसवलेली असते ती फक्त आवाज दाबण्यासाठी नसते. काही डब्यांत कप्पे आणि भोकांच्या नळ्या असतात. तिथे आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून एकमेकींना खातात. काहींत भोकाच्या नळीभोवती ग्लासवूल भरलेले असते आणि ते आवाज पिऊन टाकते. कुठला सूर ठेवायचा, कुठला मारायचा, हे कंपनीतल्या माणसांनी महिनोन्महिने बसून ठरवलेले असते. आपला कारागीर दहा मिनिटांत ग्राइंडरने ते ठरवणेच कापून टाकतो.

आम्ही विचारले, "मग यावर इलाजच नाही का?" तो म्हणाला, "आहे ना मामू. मुख्य पाइपाला बाजूने एक नळी जोडायची, तिचं दुसरं तोंड बंद. तिची लांबी त्या सुराच्या लाटेच्या बरोबर पाव हवी. आत गेलेली लाट उलटी फिरून येते आणि तेवढाच सूर मारते." शंभरच्या सुरासाठी तापलेल्या धुरात ही लांबी सव्वा मीटरच्या आसपास भरते. धूर किती तापलेला आहे यावर ती बदलते, म्हणून मोजमाप नीट लागते. आम्ही चाट पडलो. आमच्या धंद्यात पन्ह्याचा आणि ताणा-बाण्याचा हिसाब चुकला की ठाण खराब होते. इथेही तोच प्रकार. हे ज्ञान ज्याच्याकडे आहे तो कारागीर, आणि ज्याच्याकडे फक्त ग्राइंडर आहे तो मजूर.

एक गैरसमजही इथेच दूर करू. मागचा सायलेन्सर बदलला की गाडीला ताकद येते असे सांगून माल खपवला जातो. केवळ मागची डबी बदलून येणारा फरक इतका थोडा असतो की चालवणाऱ्याला जाणवतो तो आवाज, वेग नव्हे. आवाज विकत असाल तर आवाज म्हणूनच विका. सुताला रेशीम म्हणू नका.

पण पिवळ्या दिव्याची गोष्ट याहून वाईट निघाली. भाच्याने गाडी वर घेतली तेव्हा पुढच्या पाइपांतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या दोन्ही डब्या गायब होत्या आणि त्यांच्या जागी साधे पाइप वेल्ड केलेले होते. या डब्या विषारी धूर निवळतात. त्यांच्यापुढे बसवलेला सेन्सर धूर तपासतो आणि काम बिघडले की दिवा लावतो. डब्यांच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या महागड्या धातूंचा लेप असतो, म्हणून भंगारात त्यांना चांगला भाव मिळतो. सेठना सांगण्यात आले होते की "आतला अडथळा काढून पाइप मोकळा केला". डब्या कुठे गेल्या हे त्यांना कुणी सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही, कारण अशी वस्तू गाडीत असते हेच त्यांना माहीत नव्हते. मजुरी घेतली, वर मालही घेतला. गिऱ्हाइकाच्या ठाणातून दोन मीटर कापून ठेवणाऱ्या दर्जीला आपण जे नाव देतो तेच नाव या कामाला द्यावे लागेल. मोठ्या आवाजाबद्दल वाद घालता येईल, यात वादाला जागा नाही.

आवाजाचा शौक मात्र आम्ही वाईट मानत नाही. मस्टँगच्या इंजिनात दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांचे धमाके समान अंतराने होत नाहीत. त्यामुळे तिच्या आवाजात ती खास गुरगुर येते आणि दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये कसे जोडले आहेत यावर ती बदलते. लेक्ससने २०१० ते २०१२ या काळात एलएफए नावाच्या फक्त ५०० गाड्या बनवल्या. त्यांचा आवाज बसवायला यामाहाची वाद्यांच्या आवाजावर काम करणारी माणसे बोलावली होती. हार्ले-डेव्हिडसनने तर १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला आणि वर्षानुवर्षे वाद चालल्यावर २००० मध्ये अर्ज मागे घेतला. म्हणजे आवाजाला किंमत आहे, बाजार आहे. आणि मस्टँग बनवणाऱ्या फोर्डच्याच एका इंजिनिअरच्या गाडीच्या आवाजाला कंटाळून शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला, तेव्हा कंपनीने २०१८ च्या मॉडेलमध्ये हळू आवाजात सुरू होण्याची सोय दिली. ठरवून दिलेल्या वेळात गाडी सुमारे दहा डेसिबल खाली बोलते. शेजाऱ्यावर चिडून बसण्यापेक्षा त्यांनी त्याच्या तक्रारीतून विकण्यासारखी वस्तू काढली. व्यापारी म्हणून आम्हाला ही गोष्ट फार आवडली.

दुसरे उदाहरण स्लोव्हेनियाचे. इगोर अक्रापोविच हा मोटारसायकल शर्यतीतला माणूस. बाजारात मिळणाऱ्या एक्झॉस्टवर समाधान होईना, म्हणून १९९० च्या सुमारास त्याने लहानशा वर्कशॉपमध्ये स्वतःच बनवायला सुरुवात केली. आज त्याच्या नावाचे टायटॅनियमचे सायलेन्सर जगभर विकले जातात. पाइप वाकवणे आणि वेल्ड करणे हेच मूळ काम. फरक इतकाच की युरोपात बदली सायलेन्सरची चाचणी होते, पास झाला की त्यावर 'ई' ची खूण उमटते, आणि तो बसवणारा कारागीर चोरासारखा शटर अर्धे ओढून काम करत नाही.

आमचे सरकारशी भांडण इथे आहे. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर ऑनलाइन उघड विकले जातात, कुरियरने घरपोच येतात, पण मोहीम निघते तेव्हा सापडतो तो नाक्यावरचा पोरगा. माल बनवणारा आणि मागवणारा दोघेही शाबूत. बदली सायलेन्सर तपासून त्यावर मंजुरीची खूण मारण्याचा परवडणारा रस्ता लहान कारागिराला उघडा झाला पाहिजे. गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे, कुर्ल्याहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी परत येतो. दहा गॅरेजवाल्यांनी वर्गणी काढून एक नमुना बनवावा आणि एकत्र जाऊन विचारावे की हा पास करायला काय लागते. एकट्याला दारात उभे करणार नाहीत. दहा जण लेखी अर्ज घेऊन गेले तर निदान लेखी उत्तर तरी मिळेल. भाच्याने कुर्ल्यात बोलणी सुरू केली आहेत, चार जण तयार झाले आहेत. बाकीचे म्हणतात, आधी तुमचे होऊ द्या.

तोवर कामाची कमी नाही. समुद्राकाठच्या हवेत सायलेन्सर गंजतात, फुटतात, आतले पडदे सुटून खडखडतात. मूळ डबी उघडून, दुरुस्त करून, पुन्हा तिच्याच आवाजात परत करणे हे कापण्यापेक्षा अवघड काम आहे आणि त्याची मजुरीही चांगली मिळते.

सेठच्या मस्टँगला शेवटी नव्या कन्व्हर्टरच्या डब्या मागवाव्या लागल्या आणि त्यांचे बिल पाहून ते बराच वेळ खुर्चीतच बसून राहिले. कंपनीचे जुने सायलेन्सर त्यांनी नशिबाने घरी ठेवले होते, ते परत चढले. "आवाज मेला रे," म्हणून कुरकुर करीत गेले, पण त्याच महिन्यात आपल्या दोन मित्रांच्या गाड्या त्यांनीच पाठवल्या. त्यांनी काढलेले ते दोन मोकळे पाइप अजून आमच्या कापडाच्या गोदामात पडून आहेत. भाचा म्हणतो भंगारात देऊ. आम्ही म्हटले, आधी सेठना विचार.