परसातला डबा आणि ताटातली भाजी



आपण ऊस पिकवतो, कारखाना साखर काढतो. पण घरची भाजी मात्र आपण बाजारातून आणतो. खर्ड्याच्या आठवडी बाजारात जाऊन पहा. ज्यांच्या उसाच्या खेपा कारखान्याला जातात, तेच मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करताना दिसतील. त्यात मीही आलो. आडसाली उसाचा पैसा हाती यायला दीड वर्ष जाते. भाजीला मात्र रोज रोकड लागते, आणि ती घरच्या बाईला मागून घ्यावी लागते.

पूर्वी उसाच्या सरीत कांदा-कोथिंबीर आणि बांधावर वांगी-मिरची व्हायची. आता आपण तणनाशक मारतो. टू-फोर-डी उसाला सोसते, पण रुंद पानाच्या भाजीला ते मारकच. म्हणून माझे मत असे, की भाजी शिवारातून उचलून दारात आणावी.

त्याला खर्च कसला? तेलाचे १५ किलोचे रिकामे डबे, फुटकी घमेली, गळक्या बादल्या घरोघरी पडून असतात. बुडाला खिळ्याने आठ-दहा भोके पाडा आणि डबा विटांवर ठेवा. तळाला खापऱ्या, वर बारीक केलेले पाचट, मग माती आणि शेणखत. प्रेसमड घालायचे तर चांगले कुजलेलेच घाला. ताज्याच्या उष्णतेने मुळे जळतात. उभ्या डब्यात एक मिरची नाहीतर एक वांगे येते. डबा आडवा कापला की त्यात मेथी, कोथिंबीर होते. कापलेली कड ठोकून बोथट करा, घरात पोरे असतात. एखाद्या डब्यात झेंडूही लावा, दसऱ्याला विकत आणायला नको.

पत्रा उन्हात तापतो, हे खरे. त्याला बाहेरून चुना लावा, उन्हाळ्यात गोणपाट गुंडाळा. पाणी भाजी-तांदूळ धुतलेले चालते.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. औषधाचा डबा कितीही धुतला तरी भाजीला वापरू नका. जुन्या रंगाचा डबाही नको.

काहीजण हसतील, “एवढे रान असताना डब्यात भाजी?” त्यांना सांगावेसे वाटते, की मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचे चिपाड आणि थोडी माती पिंपांत, पिशव्यांत भरून गच्चीवर भाजी-फळे पिकवून दाखवली. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तशीच बाग फुलवली. चिपाड आपल्या उसाचे, आणि अक्कल मात्र मुंबईकरांची!

आपल्याच जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, तेव्हा औषधाइतकाच भर अन्नावर आणि पाण्यावर दिला होता. दुष्काळी मुलखात ताटात हिरवे पान पडणे ही चैन नव्हे, ती प्रकृतीची गरज आहे.

संचालक मंडळाला एक विनंती. कुजवलेले प्रेसमड ट्रॉलीच्या हिशेबाने मिळते, ते मोठ्या बागायतदाराला परवडते. पावसाळ्याआधी गट ऑफिसात ते लहान गोणीतही मिळावे, आणि सभासदाच्या घरच्या बाईला ते तिच्या हाताने नेता यावे.

दहा डब्यांनी कोणी श्रीमंत होणार नाही. पण भाजीपुरते तरी घरच्या लक्ष्मीला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.

— एक सभासद, खर्डा